आठशेचा हट्ट

(सोलापूर. नवी पेठेतल्या कापडदुकानाच्या वरचा फोटो स्टुडिओ. १९७६ सालातली एक दुपार. स्टुडिओचे मालक शिवपुत्र, त्यांची मुलगी महानंदा आणि पुण्याच्या कंपनीचा विक्रेता महिपती.)

महिपती : मालक, मी पुन्हा सांगतो. तुमच्या एवढ्या खोलीला दोनशेचा फ्लॅश भरपूर झाला.

शिवपुत्र : आन् मी पुन्हा सांगतो, मला आठशेचा पायजे. तुमी पुण्याहनं इकायला आलाय का परत न्यायला?

महिपती : विकायलाच आलोय. पण नको ते गळ्यात मारून गेलो, तर उद्या तुम्ही माझ्या नावानं खडे फोडाल. कंपनीचा माणूस झालो तरी मला पुन्हा सोलापुरात यायचंय.

शिवपुत्र : अवो, माझ्याकडं पाचशेचे चार बल्ब हायत. दोन हजार झाले. अठ्ठावीस वर्सं त्येच्यावर फोटो काढतोय, आन् तुमी मला दोनशे दाखवताय! लोक हसतील की मला.

महानंदा : अप्पा, आपले ते वॅट. हे जूल म्हणतायत. माप वेगळं आहे.

शिवपुत्र : तुला कुनी शिकवलं गं?

महानंदा : त्यांच्याच पुस्तकात लिहिलंय. तुम्ही सकाळपासून हातात धरून बसलाय ते.

शिवपुत्र : अक्षर लई बारीक हाय त्यातलं.

महिपती : ताई बरोबर बोलल्या. असं बघा मालक, नळाखाली बादली ठेवली की ती सावकाश भरते. तो तुमचा बल्ब. तीच भरलेली बादली एकदम अंगावर ओतली, की तो फ्लॅश. सगळा उजेड एका क्षणात. म्हणून माणूस हलला तरी फोटो हलत नाही.

शिवपुत्र : त्येच की! त्येच्यापायीच घेतोय मी. गेल्या म्हैन्यात शुक्रवार पेठेतले म्हातारे शिवलिंगप्पा आले हुते. घरची एकवीस मानसं घेऊन. म्हाताऱ्याला म्होरं खुर्चीत बसवलं, लेन्सचं झाकन काढलं, एक-दोन म्हनंपतोर म्हातारा हलला. चेहरा पुसट. आन् चार दिसांनी म्हातारा वारला.

महिपती : अरेरे.

शिवपुत्र : आता घरच्यांस्नी भिंतीवर लावायला त्योच फोटो मोठा करून पायजे. दुसरा न्हायच त्यांच्याकडं. असं पुन्हा व्हायला नको माझ्या हातनं. म्हनून मोठा सेट.

महिपती : वाईट झालं खरंच. पण हलण्याची भीती असेल, तर दोनशेचा फ्लॅशसुद्धा पापणी लवायच्या आत पेटून विझतो. त्यासाठी आठशे लागत नाही.

शिवपुत्र : मग कंपनीनं आठशेचा उगं बनवलाय?

महिपती : मोठ्या हॉलसाठी बनवलाय. मुंबईला जाहिरातीसाठी अख्ख्या मोटारीचा फोटो काढतात, त्यांच्यासाठी. नाहीतर लेन्सचं तोंड फार बारीक करून फोटो काढायचा असेल, तर. तुम्हाला सांगायला नको, नंबर जेवढा मोठा, तेवढं तोंड बारीक. उजेड पसरवायची छत्री लावून, दहा फुटांवरून, दोनशेच्या फ्लॅशला आठ नंबर मिळतो. शक्ती दुप्पट केली, चारशे घेतली, की एकच घर पुढं. अकरा. पुन्हा दुप्पट केली, आठशे, की सोळा. चौपट शक्ती घेतलीत आणि सरकलात दोन घरं.

शिवपुत्र : पन सोळा मिळतो ना?

महिपती : मिळतो.

शिवपुत्र : मग लिवा आठशे.

महानंदा : थांबा हो, लिहू नका. अप्पा, आपल्याला सोळा कशाला हवाय? दाखवायच्या पोरींचे फोटो तुम्हीच साडेपाच नंबरवर काढता. मागचा पडदा विरघळल्यासारखा दिसावा म्हणून. सोळावर काढलेत तर त्या पडद्यावरचा राजवाडा, राजवाड्याला मारलेली ठिगळं, पोरीच्या गालावरची मुरमं, सगळं ठसठशीत येईल. मग ती मुरमं निगेटिव्हवरनं पेन्सिलीनं घालवत कोण बसणार? मी.

शिवपुत्र : तुला कामाचा कंटाळा.

महानंदा : पाच वर्षं मुरमं घालवतेय. सोलापुरातल्या निम्म्या पोरींची लग्नं माझ्या पेन्सिलीनं जुळलीत. मला कंटाळा म्हणू नका.

महिपती : आणि मालक, आठशेचा सेट कमी करायचा म्हटला तरी अर्ध्यावरच येतो. चारशेच्या खाली उतरत नाही. पासपोर्टच्या फोटोला आलेला माणूस उजेडानं दचकून जाईल. शिवाय तुमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज कसं असतं?

शिवपुत्र : पलीकडच्या गल्लीत माग चालू झाले की बल्ब लाल पडतो.

महिपती : झालं तर. एवढा मोठा सेट भरायलाच वेळ घेणार. एक फोटो काढून दुसऱ्यासाठी थांबून राहाल. तोवर मांडीवरचं मूल भोकाड पसरेल.

शिवपुत्र : पसरू द्या. मला सोळा पायजे.

महानंदा : पण का, ते तर सांगा!

शिवपुत्र : ग्रुपसाठी. तीन-तीन रांगा असत्यात. तोंड बारीक असलं की फुडची रांग, मागची रांग, समदं साफ येतं.

महिपती : हे खरं आहे. पण तीन रांगांना अकरा पुरतो. दोनशेचे दोन दिवे लावले की अकरा मिळाला. मग फक्त मधल्या रांगेवर नीट फोकस केला की...

शिवपुत्र : फोकस, फोकस! मला फोकस शिकवू नका. तुमचा जल्म व्हायचा हुता तवापास्नं मी कॅमेऱ्याच्या काचंत बगतोय.

महिपती : रागावू नका, मालक. माझ्या तोंडातून गेलं.

महानंदा : वाद कशाला? लावून बघू या की. तुम्ही पेटी उघडा, महिपतीभाऊ. अप्पा, कॅमेरा तुम्ही लावा. मी बसते खुर्चीत.

महिपती : हे बरं. बसा ताई. मालक, आता तुमचे मोठे बल्ब बंद करतो. फ्लॅशच्या आत हा एक छोटा दिवा असतो, साठ वॅटचा. फोकस ह्याच्या उजेडात करायचा. फोटो फ्लॅशवर.

शिवपुत्र : दोनशेच्यात साठचा. आन् आठशेच्यात?

महिपती : त्याच्यातही साठचाच.

शिवपुत्र : बरं. काळा कपडा घेतलाय डोक्यावर. लावा दिवा.

महिपती : लावलाय.

शिवपुत्र : कुटं?

महिपती : हा काय. ताईंच्या तोंडावरच पडलाय उजेड.

शिवपुत्र : व्हय. व्हय की. अंधारात डोळं रुळायला जरा येळ लागतो. महानंदा, मान थोडी उजवीकडं घे.

महानंदा : घेतली.

शिवपुत्र : अगं घे की.

महानंदा : घेतलीय, अप्पा.

शिवपुत्र : ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे तशीच. झाला फोकस.

महिपती : मी एकदा बघू काचेतून? हं... राजवाडा सुरेख आलाय, मालक. खिडक्या मोजून घ्याव्यात.

शिवपुत्र : आन् ही?

महिपती : ताई जरा... ताई पुसट आहेत.

शिवपुत्र : तुमचा दिवाच मरतुकडा हाय! साठ वॅटमदी काय दिसनार मानसाला? देवघरात लावा तसला दिवा. असल्या उजेडात देवाला तरी दिसंल का?

महानंदा : महिपतीभाऊ, खाली कोपऱ्यावर चहा चांगला मिळतो. तुम्ही जाऊन या. आम्ही तोवर काय ते ठरवतो.

महिपती : जातो. सावकाश घेतो, ताई. मला घाई नाही.

महानंदा : गेले ते. आता तो कपडा खाली ठेवा आणि बसा इथं.

शिवपुत्र : बसू कशाला? मी काय दमलोय का?

महानंदा : शिवलिंगप्पांची निगेटिव्ह मी भिंग लावून बघितली.

शिवपुत्र : मग?

महानंदा : म्हातारा हलला, म्हणालात तुम्ही.

शिवपुत्र : हलला म्हनून म्हनलो.

महानंदा : त्यांच्या खुर्चीचा हातपण पुसट आहे. खुर्चीपण हलली का, अप्पा?

शिवपुत्र : खुर्ची कशी हलंल?

महानंदा : आणि मागच्या रांगेतल्या पोरांच्या शर्टाची बटणं दिसतायत. मागचा पडदा दिसतोय. पुढचं तेवढं सगळं गेलंय.

शिवपुत्र : कवापास्नं ठावं हाय तुला?

महानंदा : खात्री आत्ता झाली, मान वळवली तेव्हा. संशय दिवाळीपासून होता. लग्नाच्या फोटोत नवरी सोडून तिच्या मागची करवली छान यायला लागली ना, तेव्हापासून.

शिवपुत्र : डाव्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. उजव्यात धराय लागलाय. अक्कलकोटला शिबिर हुतं, तितं गुपचूप जाऊन दाखवून आलो. डॉक्टर म्हनला, अजून पिकला न्हाय. पिकला की काढू. दोन वर्सं लागतील. तंवर असंच अंधूक.

महानंदा : मैंदर्गीला काकांकडं जातो म्हणून गेला होतात, तेव्हा?

शिवपुत्र : व्हय. तवाच.

महानंदा : मला सांगायचं नाही?

शिवपुत्र : फोटोवाल्याला दिसत न्हाय, ही काय सांगायची गोष्ट हाय का, यव्वा पोरी? न्हाव्याचा हात थरथरतो म्हनल्यावर कोन मान फुडं करंल? मग मी इचार केला. सोळा नंबरवर फोकस चार बोटं इकडंतिकडं झाला तरी खपून जातं. तोंड बारीक, की फुडचं-मागचं समदं साफ. आठशेचा सेट आनला की दोन वर्सं निघून जातील. कुनाला कळायचं न्हाय. तुलाबी न्हाय.

महानंदा : म्हणून आठशे.

शिवपुत्र : म्हनून आठशे.

महानंदा : नसती निघाली, अप्पा. आता दोन हजारच्या उजेडात फोकस करून चुकताय. त्या मोठ्या सेटमध्येपण आत साठचाच दिवा. फोटोला उजेड मिळाला असता, तुम्हाला कुठला मिळणार होता?

शिवपुत्र : ते माझ्या ध्यानातच आलं न्हाय बग. चार म्हैने त्योच इचार करतोय, आन् नेमकं हेच ऱ्हायलं.

महानंदा : अजून एक आहे. सांगावं की नाही, कळत नव्हतं मला.

शिवपुत्र : सांग. आता काय ऱ्हायलंय?

महानंदा : सोमवारी तुम्ही जेवायला गेला होतात, तेव्हा रुद्राणीबाई आल्या होत्या.

शिवपुत्र : शिवलिंगप्पांची बायको? फोटो न्यायला?

महानंदा : नाही. विचारायला. 'तुझ्या अप्पाला हे हलताना दिसले. म्हणजे तेव्हाच अंग थरथरत असणार. मी चाळीस वर्षं शेजारी बसलेली बाई, मला कसं दिसलं नाही? त्या दिवशीच दवाखान्यात नेलं असतं तर?' असं म्हणाल्या आणि ह्याच बाकावर बसून रडल्या.

शिवपुत्र : अय्यो...

महानंदा : सून होती बरोबर. ती म्हणाली, त्या धड जेवत नाहीत. उठता-बसता तेच. फोटोवाल्याला दिसलं आणि मला दिसलं नाही.

शिवपुत्र : मी नुसतं हलले म्हनलो गं. समदेच फोटोवाले म्हनतात. फोटो बिगडला की गिऱ्हाईक हललं. धंद्याची रीतच हाय ती.

महानंदा : गिऱ्हाईक जिवंत असतं तेव्हा चालते ती रीत. ते आपल्याशी भांडायला तरी येतं.

शिवपुत्र : म्हातारा दगडावानी बसला हुता. श्वाससुदिक घेत न्हवता. मी म्हनलो, 'अवो, श्वास घ्या, अजून झाकन काढलं न्हाय.' समदं घर हसलं. त्यो येकटा हसला न्हाय, फोटो बिगडंल म्हनून. आन् मी त्येच्यावरच ढकलून मोकळा झालो.

महानंदा : रडू नका, अप्पा.

शिवपुत्र : रडत न्हाय. पानी येतंय डोळ्याला, ते रोजच येतं... त्या निगेटिव्हचं काय करता येतंय का? तुझ्या पेन्सिलीनं? डोळे, मिशी, कपाळावरची इभूती...

महानंदा : काढून देईन. पण ते माझ्या हातचे डोळे होतील. रुद्राणीबाईंना एका नजरेत कळेल.

शिवपुत्र : कळंल. कळनारच... मी जातो. आजच जातो शुक्रवार पेठेत, उनं कलली की.

महानंदा : मी येऊ?

शिवपुत्र : नको. माझ्या तोंडानं बोललोय, माझ्या तोंडानंच परत घेतो. 'बाई, तुमचे मालक थरथरत न्हवते. माझा डोळा गेलाय.' येवडंच म्हनायचं. जमंल न्हवं मला?

महानंदा : अख्ख्या पेठेत तुमच्याइतकं कोण बोलतं? तुम्हाला नाही जमणार?

शिवपुत्र : त्ये बोलनं येगळं. ह्याला जीभ जड हुती... आन् उद्या गावभर हुईल. शिवपुत्र फोटोवाला आंधळा झाला. मग कुलूप लावायचं का खाली जाऊन?

महानंदा : कुलूप कशाला? मी काय मेले का? काचेत मी बघते.

शिवपुत्र : तू? बाईमानूस काळ्या कपड्यात डोकं घालून उभी? लोक हसतील.

महानंदा : हसू देत की. हसरे चेहरे चांगले येतात. नाहीतरी लोक तुमच्या डोळ्यांना थोडेच येतात? तुमच्या बोलण्याला येतात. रडकं पोर तुमच्याकडं बघून हसतं. लाजून खाली बघणारी नवरी तुम्ही काहीतरी बोललात की मान वर करते. ते मला जन्मात जमायचं नाही.

शिवपुत्र : ते खरं हाय. तू पोरास्नी डोळे वटारतीस.

महानंदा : हलतात ती, म्हणून वटारते. बघा, तुम्ही बोला, मी बघते. दोन वर्षं. तुमचा मोतीबिंदू पिकला, निघाला, जाड चष्मा आला, की मग भांडू काचेवरनं.

शिवपुत्र : दिवे कुटं लावायचे ते मात्र मीच सांगनार.

महानंदा : तुम्हीच सांगा. तेवढा उजेड कळतोय ना?

शिवपुत्र : उजेड डोळे मिटून कळतो मला. गालाला कळतो. अठ्ठावीस वर्सं भाजलोय त्या बल्बांखाली.

महिपती : येऊ का आत? तुमच्यासाठीपण चहा घेऊन आलोय. निवला असेल थोडा. दाराबाहेर उभा होतो.

महानंदा : या. लिहून घ्या. दोनशेचे दोन दिवे, दोन छत्र्या.

महिपती : मालक?

शिवपुत्र : ती म्हनती तसं. आन् त्यो साठचा बल्ब काढून आत मोठा बसवता येतो का बगा. हिला तरी नीट दिसू दे.

महिपती : शंभरचा बसेल. त्याच्यावर गेलात तर आतून तापेल.

शिवपुत्र : मग शंभरचा.

महिपती : मालक, एक सांगू? माझे वडील करमाळ्याला शिंपी होते. पुढं पुढं सुईत दोरा ओवता येईना, तर म्हणायचे, हल्ली मिलचा दोराच जाड येतोय. दोन वर्षं दोऱ्याला शिव्या घालत होते. मला लई राग यायचा.

शिवपुत्र : मग?

महिपती : मग आईनं एक दिवस सकाळी दहा सुया ओवून मशीनवर टोचून ठेवल्या. ती काही बोलली न्हाय, तेपण काही बोलले न्हाईत. मरेपर्यंत कपडे शिवले त्यांनी.

शिवपुत्र : चांगली बाई.

महिपती : व्हय.

महानंदा : चला, चहा संपवा. आता एक फोटो खरा काढून बघू. कोण बसतंय?

महिपती : दिवा मी सांभाळतो. मालकांनाच बसू द्या.

शिवपुत्र : मी? ह्या खुर्चीत मी कवाच बसलो न्हाय. लोकांचे काढता काढता माझा काढायचा ऱ्हाऊन गेला.

महानंदा : म्हणूनच बसा. टोपी सरळ करा. थोडी डावीकडं. हं.

शिवपुत्र : हात कुटं ठिवू?

महानंदा : मांडीवर. सगळ्यांना सांगता ना तुम्ही?

शिवपुत्र : सांगनं सोपं असतं गं. हितं बसलं की आपलेच हात परक्याचे वाटाय लागतात... आन् बगू कुटं?

महानंदा : समोर. माझ्याकडं.

शिवपुत्र : तू नुसती सावलीगत दिसतीस मला.

महानंदा : असू दे, अप्पा. मला तुम्ही दिसताय.